हॅनाचं बटण

मागच्या आठवड्यात इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये मला एक बटण सापडलं. निळं, चार भोकांचं, कुणातरी पोराच्या शर्टाचं. एका हातात मेथीच्या जुड्या, दुसऱ्या हातात गव्हाच्या पिठाची पिशवी, तरी मी वाकून ते उचललं. मिलिंदनं गाडीची काच खाली केली. "काय पडलं गं?" मी म्हटलं, "काही नाही." पण नवरा इतक्या वर्षांचा आहे, त्याला कळलंच. गाडी रिव्हर्स घेता घेता तो म्हणाला, "आता कोणाला देणार ते?"

खरंच, कोणाला देणार? घैसासकाका वारले त्याला आता वर्ष होईल. पण माझी मान अजून पार्किंग लॉटमध्ये खालीच असते. माणूस जातो आणि त्याची खोड दुसऱ्याला लागते, ती अशी.

त्यांची माझी पहिली भेट याच पार्किंग लॉटमधली. आम्ही अमेरिकेतल्या या वेस्ट विंडसर गावात नुकतेच राहायला आलो होतो. कडाक्याची थंडी, वारा असा की कान गळून पडतील, आणि दोन गाड्यांच्या मधे एक उंच म्हातारा ओणवा होऊन बर्फातून काहीतरी टोकरत होता. मला वाटलं, किल्ली पडली बिचाऱ्याची. विचारलं, तर ते सरळ झाले, तळहात पुढे केला आणि मराठीत म्हणाले, "शिंपल्याचं आहे. आता मिळत नाहीत असली. लोक शर्ट जपतात आणि बटण सोडून देतात." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "तुम्हीच ना त्या हिरव्या दाराच्या घरात आलेल्या? मी तुमच्या उजव्या हाताचा शेजारी."

त्या दिवसापासून मी त्यांची 'शेजारीणबाई' झाले. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही, विचारलं होतं की नाही तेही मला आठवत नाही.

दत्तात्रय घैसास, मूळचे सांगलीचे. सत्तरच्या दशकात इथे आले आणि रिटायर होईपर्यंत पुलांची तपासणी केली. त्यांच्याबरोबर गाडीत बसणं म्हणजे शिक्षा होती. प्रत्येक पुलाआधी वेग कमी करायचे, मागचे लोक हॉर्न मारायचे, आणि हे शांतपणे सांगायचे की हा पूल कधी रंगवला आणि याचा कुठला खांब कुरकुरतो. पुलाखाली राहणारी माणसंही त्यांना तोंडपाठ. "पुलावरून किती गाड्या गेल्या ते ऑफिसात सगळे मोजायचे," ते म्हणायचे, "पुलाखाली कोण झोपतं ते बघायला खाली उतरावं लागतं." हिवाळ्यात ते खाली उतरताना थर्मास न्यायचे. हे मात्र त्यांनी सांगितलं नाही, वॉल्टरनं सांगितलं. वॉल्टर म्हणजे त्यांच्याच ऑफिसातला जुना सहकारी. तो त्यांना 'डॅट' म्हणायचा. दत्तात्रयमधलं एवढंच त्याच्या जिभेवर बसलं होतं.

काका बारा महिने एकच करडं स्वेटर घालायचे आणि त्याचं एकही बटण दुसऱ्यासारखं नव्हतं. घरात बटणांनी भरलेला डबा असताना! बिस्किटांचा तो गोल निळा पत्र्याचा डबा, जो प्रत्येक घरात असतो आणि ज्यात कधीच बिस्किटं नसतात. एकदा मी म्हटलं, "काका, द्या इकडे, एकसारखी लावून देते." तर दोन्ही हातांनी स्वेटर धरून ठेवलं त्यांनी. "जिनीव्हानं लावलीत," म्हणाले.

जिनीव्हा त्यांची बायको. मी तिला पाहिलं नाही, आम्ही यायच्या आधीच ती गेली होती. ट्रेंटनच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स होती. तपासणी करताना काका मचाणावरून घसरले, घोटा मोडला, आणि प्लास्टर उतरेपर्यंत लग्न ठरलं होतं. ती काळी होती, म्हणजे आफ्रिकन अमेरिकन. तिचे पूर्वज दक्षिणेत कापसाच्या शेतांवर गुलाम होते. सांगलीहून वडिलांचं पत्र यायचं बंद झालं ते त्यांच्या शेवटापर्यंत. आणि इथल्या मराठी मंडळींनी? कुणी वाईट बोललं नाही हो. आपण वाईट बोलत नाही, आपण फक्त आमंत्रणावर एकाचंच नाव लिहितो. काकांनी अशा आमंत्रणांना कधी उत्तर दिलं नाही आणि कधी तक्रारही केली नाही. गणपतीला मंडळात गेले तर दोघं जायचे, नाहीतर घरात बसायचे. घरातच जास्त बसले.

तिच्या घरात बायकांची एक रीत होती. कपडा जुना झाला, फाटला, की टाकण्याआधी त्याची बटणं कापून घ्यायची. तिच्या आईनं घेतली, आजीनं घेतली. डबा तसाच पुढे आला. त्यात प्लास्टिकची होती, पितळेची होती, शिंपल्याची होती. आणि एक हाडाचं होतं, पिवळट, दोन भोकांचं, कडेला जरासं झिजलेलं. ते जिनीव्हाच्या आजीच्या आजीचं. तिचं नाव हॅना. घरात तिच्याविषयी एवढंच सांगत आले होते की युद्ध संपताना ती शेतावरून चालत निघाली, आणि तिला परत आणायला कुणी येईना तेव्हा ती चालतच राहिली.

आता त्या युद्धाबद्दल सांगायला हवं, कारण काकांचे सगळे शनिवार त्यातच गेले. अमेरिकेतलं यादवी युद्ध. गुलामगिरी टिकावी म्हणून दक्षिणेतली राज्यं देशातून फुटली, उत्तरेशी लढली आणि हरली. गुलाम सुटले. या युद्धाचे टेबलावर खेळायचे खेळ मिळतात, मोठा नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, फासे. आपल्याकडे सोंगट्यांवरून भांडणं होतात तशीच इथेही होतात, फक्त इथली म्हातारी माणसं त्यासाठी तीन-तीन शनिवार बसतात. काका या देशात नवे असताना ऑफिसातल्या कुणी त्यांना घरी बोलावलं असेल तर ते वॉल्टरनं, आणि ते या खेळासाठी. "मला ना युद्धात रस होता ना फाशांत," ते मला म्हणाले होते. "पण शनिवारी दुपारी कुणीतरी माझी वाट बघतंय, ही चैन होती."

पुढे खेळ काकांच्या घरी भरू लागला. जेवणाच्या खोलीतल्या टेबलावर नकाशा कायमचा अंथरलेला असायचा, त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक. जेवायचे ते स्वयंपाकघरात, ओट्याशी उभं राहून. वॉल्टर, एड नावाचे एक निवृत्त विमा एजंट, काका, आणि आम्ही आल्यावर चौथा भिडू म्हणून आमचा मिलिंद. मिलिंदला इतिहासाचा गंध नाही, पण फासे टाकायला मिळतात म्हटल्यावर तो खूश.

पहिल्यांदा मी तो खेळ पाहिला तो साबुदाणा वडे द्यायला गेले तेव्हा. त्या दिवशी दक्षिण जिंकली. खेळात हे होतं, उत्तरेनं वेळेत दक्षिणेची राजधानी घेतली नाही की दक्षिण जिंकते. एडनं दोन्ही हात वर केले, मिलिंदनं टाळी दिली. मी वड्यांची थाळी ठेवायला जागा शोधत होते, तेवढ्यात काका म्हणाले, "आता बटणं."

"ओ, डॅट," एड कण्हला.

तेव्हा मी नीट पाहिलं. नकाशाच्या खालच्या भागात, सोंगट्यांच्या अधेमधे, बटणं पसरलेली होती. खेळाच्या नियमांत त्यांचा उल्लेख नव्हता. सैन्यं त्यांच्या अंगावरून जायची, पण त्यांना हलवायचं नाही. ती म्हणजे गुलाम माणसं. काकांचा घरचा नियम असा की दक्षिण जिंकली तर प्रत्येकानं पाळीपाळीनं एकेक बटण उचलायचं आणि त्याचं पुढे काय झालं ते सांगायचं. सगळी बटणं होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

वॉल्टरनं एक पितळी उचललं. "हा पळाला. नदी ओलांडून उत्तरेत."

"चांगलं," काका म्हणाले. "उत्तर आता परदेश. पळालेल्याला परत पाठवायचा कायदा उरला नाही. पण म्हणूनच नदीवर पहारा दुप्पट, कुत्री दुप्पट. समज, पोचला. त्याची बायको इथे मागे आहे, हे हिरवं. हिला आता साखळी. हिला कुठे ठेवू, वॉल्टर?"

वॉल्टरनं हिरवं बटण हातात घेतलं आणि बराच वेळ धरून बसला.

मिलिंदच्या वाट्याला निळं आलं. काका म्हणाले, "हा पळून उत्तरेच्या सैन्यात शिरला होता. सरकारनं कोट दिला, बंदूक दिली. आता तह झाला आणि मालक म्हणतो, माझा माल परत द्या. देणार?" मिलिंद माझ्याकडे बघायला लागला, जसं काही उत्तर वड्यांच्या थाळीत होतं.

एडचा धीर सुटला. "हे बघ, डॅट, यंत्रं येणारच होती. तीस-चाळीस वर्षांत गुलामगिरी आपोआप संपलीच असती."

"दक्षिणेच्या राज्यघटनेत लिहिलं होतं की तिला हात लावणारा कायदा करताच येणार नाही. खाणींत, कारखान्यांतही माणसं भाड्यानं देत होते. यंत्र आलं तर यंत्रापाशीही तीच उभी केली असती. पण राहू दे. समज तू म्हणतोस तसं झालं. तीस वर्षं." काकांनी त्याच्या हातातल्या शिंपल्याच्या बटणाकडे बोट केलं. "ही पंचवीस वर्षांची आहे. तिला सांग, पंचावन्नपर्यंत थांब, आपोआप होणार आहे."

एडनं बटण प्लास्टिकवर ठेवलं. वडे गार झाले. मी ते परत घरी नेऊन तव्यावर गरम केले आणि पुन्हा आणले, तेव्हा खोलीत नुसतं बटणं प्लास्टिकवर ठेवल्याचं टकटक ऐकू येत होतं. शेवटी नकाशावर एकच उरलं. हाडाचं. मिलिंदनं हात पुढे केला, तर काकांनी आधीच ते उचलून स्वेटरच्या खिशात टाकलं. "हे माझं," म्हणाले, आणि वडा घेतला.

आता काका फाशांच्या बाबतीत इतके काटेकोर की फासा टेबलाच्या कडेला टेकला तरी पुन्हा टाकायला लावायचे. एकदा स्वतःची जिंकलेली लढाई त्यांनी चुकीची मोजली म्हणून परत केली होती. आणि हेच काका दर वेळी सगळ्यांसमोर ते एक बटण खिशात घालायचे. नियम त्यांचाच, आणि तो मोडणारेही तेच. कुणी त्यांना टोकलं नाही. मीही नाही.

ही बटणं कुठून आली ते मला नंतर कळलं. शरद ऋतूत आम्ही आपापल्या अंगणातली पानं गोळा करत होतो. काका दमून पायरीवर बसले, मी चहा आणला. त्यांची मुलगी लीला तेव्हा ॲन आर्बरला वकिली करत होती. दर रविवारी तिचा फोन यायचा, औषधं घेतलीस का, बर्फ पडलं का, एवढंच. थँक्सगिव्हिंगला यायची, ओट्याशी उभी राहून बापाबरोबर जेवायची, आणि जेवणाच्या खोलीचं दार ओढून घ्यायची. मी सहज विचारलं, "लीलाला खेळ आवडत नाही वाटतं?"

काकांनी कप पायरीवर ठेवला. लीला शाळेत असताना एका शनिवारी बास्केटबॉल खेळून घरी आली. टेबलावर दक्षिण जिंकली होती. पुरुष मंडळी ओरडत होती, पिझ्झा उघडला होता, आणि जिनीव्हा ड्यूटीवरून येऊन, तशीच नर्सच्या कपड्यांत, त्यांना कॉफी देत होती. लीलानं नकाशा बघितला, आईकडे बघितलं आणि विचारलं, "मग आता मॉमचं काय होणार?"

"कुणीतरी म्हणालं, हनी, इट्स जस्ट अ गेम," काका म्हणाले. "आणि मी? मी हसलो हो, शेजारीणबाई. पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून हसलो. जिनीव्हानं कॉफीपॉट टेबलावर ठेवला आणि आत गेली. लीला त्या दिवसापासून त्या टेबलाशी बसली नाही."

मी आपली पानांचा ढीग सारखा करत बसले.

"जिनीव्हा गेल्यावर डबा समोर आला," ते म्हणाले. "मग म्हटलं, पोरीनं प्रश्न विचारलाय, उत्तर तयार ठेवावं. ती बसली कधी, तर हातात काहीतरी असावं."

एवढं एकच त्यांना हवं होतं. लीलानं त्या टेबलाशी एकदा बसावं. ते तिला कधी म्हणाले नाहीत, 'ये बस' म्हणून. म्हणायला काय जातं, असं आपल्याला वाटतं. पण ज्या टेबलावर आपण हसलो, तिथे पोरीला कोणत्या तोंडानं बोलवायचं?

त्या प्रश्नाची किंमत मात्र त्यांनी मोजली. आमच्या मराठी मंडळात एकदा पानिपतावर गप्पा ठेवल्या होत्या. पानिपत जिंकलो असतो तर, हा विषय. तुम्हाला ठाऊकच आहे, मराठी माणसाला तीन पिढ्या अमेरिकेत ठेवा, पानिपत तो जिंकल्याशिवाय राहत नाही. कुणी दिल्लीवर भगवा लावला, कुणी इंग्रजांना कलकत्त्याच्या बंदरातून परत पाठवलं, एका आयटीवाल्यानं तर काबूलपर्यंतचा रस्ता स्लाइडवर दाखवला. टाळ्या पडत होत्या. काका मागच्या रांगेतून उभे राहिले. नम्रपणे, हात बांधून.

"एक शंका होती. जिंकलो असतो तर कुणबिणींचं काय झालं असतं?"

कुणाच्या लक्षात येईना. शेवटी एक काकू म्हणाल्या, "कुणबिणी म्हणजे?"

"पेशवाईत बायका विकत मिळायच्या. वाड्यात, कोठारात, तबेल्यात राबायच्या. त्यांना कुणबिणी म्हणत. हरल्यावर आपल्या बायका गुलाम म्हणून नेल्या, त्याचं दुःख आपण अजून करतो. करावंच. मी एवढंच विचारतो की जिंकलो असतो, दिल्ली आपली झाली असती, तर या आपल्या घरातल्या बायका सुटल्या असत्या का?"

मग संयोजक म्हणाले, "इंटरेस्टिंग पॉइंट आहे, काका, पण टाइम कमी आहे, आपण डिनरकडे वळूया." जेवणात श्रीखंड होतं. काकांच्या टेबलावर मी आणि मिलिंद सोडून कुणी बसलं नाही. मिलिंदचं लक्ष सारखं दाराकडे. घरी येताना गाडीत तो म्हणाला, "खरं बोलतात यार ते, पण जरा जागा बघून बोलावं माणसानं." काका मागच्या सीटवर झोपले होते. किंवा झोपल्याचं दाखवत होते.

शनिवारची मंडळीही हळूहळू गळत गेली. एडचा आधी गुडघा दुखायला लागला, मग शनिवारी नातवंडं यायला लागली. मिलिंदनं वर्षभर तग धरला, मग एक दिवस जॅकेट काढता काढता म्हणाला, "अगं, गेम खेळायला जातो की सुतकाला? आठवडाभर ऑफिसात डोकं फिरतं, शनिवारी पुन्हा हे. कॅन्सल करतो मी." मी त्याला दोष देत नाही. सुटीच्या दिवशी दुसऱ्याचं दुःख हातात धरून बसणं सोपं नाही. वॉल्टर शेवटपर्यंत येत राहिला, तो फ्लोरिडाला मुलाकडे जाईपर्यंत. निघताना त्यानं आपल्या जुन्या ओव्हरकोटाची सगळी बटणं कापून काकांना दिली, आणि तो कोट पिनांनी लावून घरी गेला.

बटणांचा नियम सोडला असता तर काकांची दुपार भरलेली राहिली असती. हे त्यांनाही कळत होतं. एडनं तसं त्यांना फोनवर सांगितलंही होतं. तरी त्यांनी बटणं आवरली नाहीत.

मग ते एकटेच खेळायला लागले. माझ्या स्वयंपाकघराच्या सिंकपाशी उभं राहिलं की त्यांची जेवणाची खोली समोर दिसते. शनिवारी दुपारी मी भांडी धुवायची आणि ते दिसायचे. उत्तरेच्या खुर्चीत बसायचे, विचार करायचे, फासा टाकायचे, सोंगटी हलवायचे. मग दोन्ही हात टेबलावर टेकून उठायचे, टेबलाला वळसा घालून दक्षिणेच्या खुर्चीत जाऊन बसायचे आणि तिथून विचार करायचे. पुन्हा उठायचे. पायात जोर नव्हता, पण एकाच खुर्चीतून दोन्ही बाजू खेळणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दक्षिण जिंकली की शेवटी बटणं. ओठ हलताना दिसायचे. एकेक बटण उचलून, कुणीतरी समोर बसलंय अशा थाटात ते सांगत असायचे. मी कितीदा ठरवलं, हात पुसावेत आणि जाऊन समोर बसावं. एक-दोनदा गेलेही. त्यांनी आनंदानं खुर्ची दिली, सगळं समजावलं, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे जायची. ती खुर्ची माझी नव्हती.

एका फेब्रुवारीत ते बर्फावरून घसरले. या वेळी खुबा. हॉस्पिटल झालं, रिहॅब झालं, आणि लीलानं फोनवरच निर्णय सांगितला, बाबा आता ॲन आर्बरला येणार. घर विकायचं. काका वॉकर घेऊन घरी परतले ते फक्त सामान आवरायला.

मार्च संपत आला होता. लीला व्हॅन घेऊन आली. उंच, बापासारखीच, केसांत पांढरं दिसायला लागलेलं. तिनं झपाट्यानं सगळं पॅक केलं. मी दुपारी पोहे घेऊन गेले, तेव्हा जेवणाची खोली तेवढी उरली होती. व्हॅनचं इंजिन बाहेर चालू होतं, काकांना थंडी लागू नये म्हणून तिनं हीटर लावून ठेवला होता. काका कोट घालून दक्षिणेच्या खुर्चीत बसले होते. नकाशावर शेवटचा खेळ तसाच होता, दक्षिण जिंकलेली.

लीला निळा डबा टेबलाच्या कडेला धरून बटणं हातानं त्यात ओढायला लागली.

"थांब," काका म्हणाले. "बटणं राहिलीत."

"तीच तर भरतेय, बाबा," ती इंग्रजीत म्हणाली. ती कायम इंग्रजीतच बोलायची.

"तशी नाही." त्यांनी नकाशावर हात आडवा ठेवला. "तू एकदा विचारलं होतंस. मॉमचं काय होणार. मी उत्तर दिलं नव्हतं."

लीलाचा हात तिथेच थांबला. मी पोह्यांचं भांडं घेऊन दारात, पुढे जावं की मागे कळेना. मग तिनं डबा खाली ठेवला, ओढलेली बटणं अंदाजानं परत नकाशावर सारली, आणि उत्तरेची खुर्ची ओढून बसली. कोट न काढता.

काकांनी पहिलं बटण उचललं आणि सांगितलं. दुसरं तिच्या हातात दिलं. ती काही बोलली नाही, तर त्यांनीच सांगितलं. वॉल्टरच्या कोटाचं आलं, हिरवं आलं. तिसऱ्या की चौथ्या बटणापासून ती स्वतः बोलायला लागली, सावकाश, कोर्टात बोलत असेल तशी. ही विकली जाईल. हा खाणीत. ही पळेल, सापडेल, पुन्हा पळेल. काका मान हलवत होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर असं काही मी पाहिलं नव्हतं. त्याला आनंद कसं म्हणू? पण होता.

मग मधेच सवयीनं त्यांचा हात हाडाच्या बटणाकडे गेला, आणि तिथून खिशाकडे.

"ते काय आहे?" लीलानं विचारलं.

"हे आपलं आहे. हॅनाचं."

लीलानं टेबलावरून हात पुढे केला, तळवा वर. "पुट हर बॅक, बाबा."

"नको." ते लहान मुलासारखे मुठीत घट्ट धरून बसले. "हिला तिथे ठेवलं तर ती चालत निघत नाही. मग तुझी आई नाही. मग तू नाहीस. बाकी सगळ्यांचं मी सांगतो ना. ही एक राहू दे."

"आय नो," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण हात हलला नाही. "पण बाकीचीही कुणाकुणाची होतीच ना, बाबा? फक्त आपलीच कशी वाचवायची?"

काकांनी मूठ उघडली. बटण तिच्या तळहातावर ठेवलं नाही, स्वतःच नकाशावर ठेवलं, खाली, कापसाच्या शेतांत, जिथून त्यांनी ते दर वेळी उचललं होतं. मग सांगायला तोंड उघडलं आणि शब्द येईना. ज्या माणसाला सगळ्यांचं पुढे काय झालं ते ठाऊक होतं, तो नुसता बटणाकडे बघत राहिला. लीला उठली. मला वाटलं, झालं, आता निघतील. पण ती टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेली, खुर्ची शेजारी ओढली आणि त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "सांग. मी ऐकतेय."

पोह्यांचं भांडं ओट्यावर ठेवून मी मागच्या दारानं घरी आले. सिंकपाशी जाऊन उभी राहिले, नळ सोडला, भांडी नव्हतीच काही. समोरच्या खिडकीत दोघं एकाच बाजूला बसलेले दिसत होते. काकांचे ओठ हलत होते. थोड्या वेळानं लीला बाहेर आली, मला वाटलं सामान न्यायला. तिनं व्हॅनचं इंजिन बंद केलं आणि परत आत गेली.

टेबलावर अजून बरीच बटणं होती.